साडेबावीस किलोची बॅग

मी ताणकाटा बोलतोय. वर कडी, खाली हूक, मध्ये पितळी पट्टी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. पन्नास किलोपर्यंत काहीही लटकवा, मी खरं सांगेन. पण मला लटकवणारा खरा असेलच असं नाही, हे मी फार लवकर शिकलो. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी संशयी आहे. तुम्ही हे का वाचताय, याचाही मला थोडा संशय आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका रद्दीवाल्याच्या दुकानात. चौदा वर्षं तिथे काढली. गोड बोलायचा तो. गठ्ठा माझ्या हुकाला अडकवला की हळूच खालून गुडघा लावायचा. गठ्ठा सात किलोचा, मी दाखवायचो पाच. गिऱ्हाईक माझ्याकडे डोळे लावून बसायचं, गुडघ्याकडे कुणी बघत नसे. वर घरी जाऊन शिव्या मला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं माझं झालं.

एके दिवशी एक जोडपं रद्दी घेऊन आलं. नवरा रद्दीवाल्याशी हसून बोलत होता. बायको म्हणाली, "गुडघा काढा आधी."

चौदा वर्षांत असं म्हणणारी ती पहिलीच. रद्दीवाला ओशाळला आणि विषय बदलायला म्हणून कुठे निघालात विचारू लागला. नवरा सांगू लागला. तो दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायचा. समुद्रापलीकडच्या एका बेटावर मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथे सेवेला चालला होता, सहकुटुंब. प्रभूचं पाचारण आलं होतं. रद्दीवाल्याने मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "घ्या, सामान तोलायला लागेल. मी आता इलेक्ट्रॉनिक घेतलाय." फुकट मिळालेल्या वस्तूवर माणसाने विश्वास ठेवू नये. त्याने ठेवला.

घरात तिघं. बाबा, आई आणि पंधरा वर्षांची मुलगी. लहानपणी अखंड बडबड करायची म्हणून तिला सगळे मिठू म्हणत. मी आलो तोवर मिठू बोलेनाशी झाली होती. विचारलं तर "हो", नाही विचारलं तर काहीच नाही. माझ्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली.

दरवाजाच्या वरच्या गजाला मला टांगलं. विमानात माणशी तेवीस किलो, एक ग्रॅम जास्त नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी बाबा तिन्ही बॅगा माझ्या हुकाला लावायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. बाबांची बॅग सव्वीस, कारण त्यांना सगळी पुस्तकं हवीत. आईची कधी एकोणीस, कधी चोवीस. ती सकाळी बॅगेत कुकर भरायची, दुपारी काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत भरायची. मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय ते इथेच. या बाईला जायचं नाही.

मिठूची बॅग मात्र साडेबावीस. पहिल्या दिवशी साडेबावीस, नवव्या दिवशीही साडेबावीस.

"बघा, शिका जरा पोरीकडून," बाबा म्हणायचे. "एकदा भरली ती भरली."

बाबा भला माणूस, पण त्यांना आकडा दिसतो आणि मला ओझं कळतं. कपड्यांची बॅग टांगली की खाली फुगते, पोट सुटल्यासारखी. ही फुगत नव्हती. कोपरे ताठ, एका अंगाला कललेली. चौदा वर्षं मी काय उचललं होतं? रद्दीचं ओझं मला झोपेतही ओळखता येतं.

आणखीही होतं. मी दारात टांगलेला, त्यामुळे येणारंजाणारं सगळं माझ्या नजरेखालून. मिठू दप्तर घेऊन बाहेर पडायची तेव्हा ते टम्म फुगलेलं असायचं, आणि परत यायची तेव्हा चपटं. दोन गल्ल्या पलीकडे तिची आत्या राहायची. सगळे कपडे बॅगेत भरलेत असं सांगून पोरगी आठवडाभर दोनच ड्रेस आलटूनपालटून घालत होती. पण मला कोण विचारतो? मी आपला साडेबावीस दाखवत राहिलो.

शनिवार आला. रविवारच्या उपासनेत चर्चची मंडळी त्यांना निरोप देणार होती आणि बाबा साक्ष देणार होते, म्हणजे पाचारण कसं आलं ते सगळ्यांसमोर सांगणार होते. दुपारी आई एकटी घरात होती. तिने मिठूची बॅग हुकाला लावली. आकड्याकडे पाहिलंच नाही. बॅग एका बाजूला कलली ती बघत राहिली. मग खाली काढून चेन उघडली. वर दोन टॉवेल, खाली पहिलीपासूनच्या जुन्या वह्या, सुतळीने बांधलेल्या. आईने चेन लावली आणि बॅग होती तिथे ठेवली. आता मला तिचा संशय येऊ लागला. ओरडत का नाही ही?

संध्याकाळी बाबांनी बाह्या सरसावल्या. आईने मिठूची बॅग पुढे सरकवली. "आज आधी उघडा, मग तोला."

बाबांनी उघडली. वह्यांकडे बघत बसले. "मिठू, हे काय गं?"

"मी येणार नाहीये," मिठू म्हणाली. "शेवटच्या दिवशी आत्याकडे जाऊन बसणार होते."

"अगं, पण सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पाळक घरी आले होते, प्रार्थनेत विचारलं होतं. जे तयार आहेत त्यांनी हात वर करा. आपण तिघांनी..."

"तुमचे डोळे मिटलेले होते, बाबा. मी हात वर केलाच नव्हता."

बाबा ती प्रार्थना आठवून सांगू लागले. हात वर झाले असणार असं धरून त्यांनी डोळे मिटूनच देवाचे आभार मानले होते, पाळकांनी आमेन म्हटलं होतं. कुणी बघितलंच नव्हतं.

"मी बघितलं होतं," आई म्हणाली. "माझे डोळे उघडे होते. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. नाही बोलले."

मिठूने आईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते. मला फार वाईट वाटलं त्या पोरीचं.

बाबा उठले. "बरं. आत्ता विचारतो. डोळे उघडे ठेवून." आणि त्यांनी आधी स्वतःचा हात वर केला. मिठूचे दोन्ही हात मांडीवर होते. बाबांनी आईकडे पाहिलं. तिचा हात बॅगेच्या चेनवर होता, तिथून हलला नाही.

"तू पण? तुझा हात तर वर होता ना तेव्हा?"

"होता. समोर पाळक बसले होते, अहो."

बाबांनी हात खाली घेतला आणि त्या वह्यांच्या बॅगेवरच बसले. त्या घरात काहीही झालं तरी कुणीतरी म्हणायचं, चला, प्रार्थना करू या. त्या संध्याकाळी बराच वेळ कुणी म्हणालं नाही.

रविवारी उपासनेत बाबांनी एवढंच सांगितलं, की आमच्या घराने हो म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं होतं. हे मला आई आत्याला सांगत होती तेव्हा कळलं. त्यांचं पाचारण मात्र खोटं नव्हतं, एवढं मीही मानतो. तिकडे दवाखान्यात रक्त तपासणारं कुणी नव्हतं. शेवटी तिघांनी बसून ठरवलं, बाबा एकटे जातील, सात महिन्यांसाठी. निघायच्या दिवशी त्यांची बॅग बावीस भरली.

"एक किलो उरलंय," ते म्हणाले. "मिठू, काय देतेस?"

"काही नको. रिकामं राहू दे."

तेव्हापासून मी दारामागे खिळ्यावर आहे. हूक रिकामा, काटा शून्यावर. कधी शेजारी मागून नेतात, तेवढाच वारा लागतो. वाचकहो, एक विनंती. सामान तोलायला मला जरूर न्या, पण बॅगेत काय आहे ते आधी एकमेकांना विचारा. ते माझं काम नाही.

सात महिने आता भरत आलेत. काल बाबांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. इकडची हवा, तिकडची माणसं झाली आणि मग ते म्हणाले, "इथे दुसरा माणूस मिळत नाहीये. अजून सहा महिने थांबावं लागेलसं दिसतंय."

मला वाटलंच होतं. मिठू फोनजवळ सरकली.

"बाबा, सांगताय की विचारताय?"

पलीकडून काही वेळ नुसती खरखर आली. "विचारतोय," ते म्हणाले.

"मग नाही."

मग ते म्हणाले, "ठीक आहे. तीस तारखेलाच निघतो."

म्हणाले खरं. मी मात्र त्यांची बॅग माझ्या हुकाला लागेपर्यंत मानणार नाही.