एकशे तीस ग्रेनची गोळी

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा मोसम शनिवारी उघडणार होता. माझी पहिलीच शिकार, म्हणून डॅडनी वीस काडतुसं स्वतः दारू भरून तयार केली होती. विकतची न्यायची नाहीत, हा आमच्या मोंटानातल्या घराचा जुना हट्ट.

नेमबाजीच्या रेंजवर मी गोळीचा वेग मोजायचा क्रोनोग्राफ नळीपासून पंधरा फुटांवर मांडला. नळीचं मागचं तोंड बंद करणारा रायफलचा बोल्ट काढून नळीतूनच नेम पाहिला. दुर्बिणीवर विसंबलं, तर गोळी तिच्या दोन इंच खालून जाते आणि यंत्रच फुटतं. शेजारच्या हॅलकनी अशी दोन फोडली आहेत.

"झालं का, प्रोफेसरबाई? तुझं होईपर्यंत बर्फ पडेल," डॅड म्हणाले.

"पडू दे. तुम्ही आधी माझ्या मागे या."

पहिला बार झाला. आकडा आला सेकंदाला ३१६० फूट. दारूच्या मापांच्या पुस्तकातली कमाल मर्यादा २९२० होती. बोल्ट उघडायला तळहाताचा ठोसा द्यावा लागला, म्हणजे आत दाब फारच चढला होता.

"वा! नळी तेज आहे तुझी," डॅड खूश. "मार दुसरी."

"नाही मारणार."

"अगं, उन्हामुळे यंत्र थापा मारतंय!"

शंका रास्त होती. म्हणून डॅडच्या रायफलमधून फक्त पडताळणीसाठी ठेवलेलं विकतचं काडतूस झाडून पाहिलं. खोक्यावर छापला होता जवळजवळ तोच वेग आला.

डॅडचं हसू मावळलं. झाडताना बोल्ट माझ्या गालापासून चार बोटांवर असतो; जास्त दाबाने तो उडूही शकतो.

घरी गॅरेजमध्ये मी त्यांच्या तराजूत एक सुटी गोळी ठेवली. खोक्यावर १३० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅम; तराजूवर १२५. तराजू पाच ग्रेन कमी दाखवत होता, म्हणजे त्यावर मोजलेल्या प्रत्येक काडतुसात पाच ग्रेन दारू जास्त.

डॅडनी पारडं उचललं, फळीवरच्या दुसऱ्या तराजूकडे पाहिलं. तो त्यांच्या दिवंगत भावाचा, डेलचा.

"धूळ पुसताना पारडी बदलली गं. डेलचं हलकं आहे."

"आणि शून्य जुळवलं नाहीत?"

"माझाच तराजू, त्याला काय तपासायचं, असं वाटलं."

उरलेली सगळी काडतुसं आम्ही खोलली. शेवटची गोळी डॅडनी स्वतः काढली. मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ.

टाकाऊ दारू इथे सगळेच करतात तशी गुलाबांच्या वाफ्यात पसरली.

"नायट्रोजनचं खत," मी म्हणाले.

"जून येऊ दे," डॅड मोठ्याने हसले. "सेकंदाला तीन हजार फुटांनी फुलतील बघ!"