हळद खाल्लेली गाडी

उभ्या जागी थरथरणारी गाडी जनकाबाईला खपत नव्हती. चालताना उडव, आदळ, काय करायचं ते कर. पण उभी राहिलीस की गुमान उभी राहा, असं तिचं माणसांनाही सांगणं होतं अन् गाडीलाही. ही गाडी मात्र थांबली रे थांबली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची, दोन आचके द्यायची अन् बंद पडायची.

गाडी तशी जुनीच. जनकाबाईचे धनी ग्यानोबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. नोकरीतून सुटताना त्यांनी ती कुणाची तरी वापरलेली घेतली, तेव्हा कुरुंद्यात लोक हसले होते. आता कुणी हसत नव्हतं. ग्यानोबाच्या किडन्या बसल्या होत्या अन् त्यांना दर चार दिवसाला नांदेडला नेऊन रक्त धुवायच्या मशीनवर घालावं लागत होतं. येताना मागच्या सीटवर आडवं व्हायला मिळालं तरच माणूस माणसासारखा घरी पोचायचा; एसटीतून आणलं की मान टाकायचा. गाडी सून आकांक्षा चालवायची. पोरगा प्रमोद पुण्याला कंपनीत होता, अन् फोनवरून सल्ले द्यायची त्याला लई हौस.

"आई, ती गाडी भंगारात घाल."

"संगं तुह्या बापालाबी घालू का? तेबी जुनेच हायेत."

मागच्या खेपेला नांदेडात लाल दिव्यापुढं गाडी बंद पडली ती चालूच होईना. मागून हॉर्नचा कालवा, अन् मागच्या सीटवर ग्यानोबा डोळे मिटून. पोचेपर्यंत मशीनची पाळी दुसऱ्याला गेली. दिवस कलेपर्यंत त्यांना दवाखान्याच्या वरांड्यात पडून राहावं लागलं. त्यांच्या सुजलेल्या पायांकडं बघत जनकाबाई त्या दिवशी कुणाला काही बोलली नाही, अन् ती बोलली नाही म्हणूनच आकांक्षा घाबरली.

आता उद्या पुन्हा जायचं होतं. गावातल्या मिस्त्रीनं प्लग बदलले, सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर बदलला, अन् शेवटी इंजिनच गेलं म्हणून हात झाडले. मग आकांक्षानं वसमतहून शंकरसिंग मिस्त्रीला बोलावलं.

तो आला तेव्हा शेजारच्या खळ्यावर हळद घोळायचा ड्रम घरघर फिरत होता. उन्हाळाभर हेच. उडणाऱ्या धुळीनं अंगण पिवळं, दोरीवरची लुगडी पिवळी, लिंबाची पानंसुद्धा पिवळी.

"जयभीम मामा," त्यानं बाजेवरच्या ग्यानोबाला हात जोडले.

जनकाबाई पुढं झाली. "आधी सांग, पुर्जे बदलायला आलास का दुखणं बघायला? बदलायचं तेवढं बदलून झालं. गाडी तशीच हाय."

"माय, आज मी आधी नुसतं ऐकणार."

"ऐकणारे ह्या घरात हायेतच. बोलणारी मी एकटी."

शंकरसिंगनं स्टेअरिंगखाली गाडीचं दुखणं सांगणारा एक खोका जोडला अन् त्यावरची अक्षरं वाचली. "हवा अन् पेट्रोलचा मेळ बसंना, असं म्हणून राहिला हा. पण कुणामुळं, ते ह्यालाबी ठावं न्हाई. चुकतो एक अन् बोंब दुसराच मारतो."

"रस्त्यावर पळताना बरी असते," आकांक्षा म्हणाली. "थांबली की सुरू. अन् हळदीचे ड्रम लागल्यापासून लईच वाढलं."

शंकरसिंगचा हात थांबला. "ताई, हे आधीच्या मिस्त्रीला सांगितलं?"

"त्यानं विचारलंच न्हाई."

मग तो खोक्याकडं बघेनाच; त्यानं गाडी चालू करायला लावली. हवा आत नेणाऱ्या जाड नळीवरून त्यानं बोट फिरवत नेलं अन् एका जागी वायरचं टोक उपसलं. गाडीची हुडहुडी निम्म्यानं उतरली.

"वायर काढल्यावर सुधरली?" जनकाबाईचे डोळे मोठे झाले. "मग ती लावली काहून व्हती?"

"हा सेन्सर आत जाणारी हवा मोजतो, माय. हाच चुकीचं सांगून राहिला व्हता. तो गप झाला, तशी गाडी आपल्या अंदाजानं चालली."

"म्हंजे आमच्या प्रमोदसारखा. त्यानं फोन ठेवला की घर नीट चालतं."

बाजेवर ग्यानोबा हसले अन् हसता हसता खोकले.

शंकरसिंगनं सेन्सर बाहेर काढला. आतली केसाएवढी तार पिवळीधमक. नळीच्या आतूनही पिवळा थर. "हळद! गाडीचं लगीन काढलं का काय, माय?" मग त्यानं हवा गाळायच्या फिल्टरचा डबा उघडला. कागदाच्या घड्या लोळागोळा झालेल्या, कडा आकसलेल्या, बाजूनं बोट जाईल एवढी फट. "हे कुणी पाण्यानं धुतलं?"

जनकाबाईचा हात पदराच्या टोकावर गेला. दिवाळीला डबे घासावेत तसं तिनं ते घासलं होतं. हौदावर, साबण लावून, भांड्याच्या ब्रशनं. भिंतीवर वाळवलं, होतं तसं बसवलं, अन् गाडीवर उपकार केल्यासारखी आत जाऊन चहा पिली. आता तिला लाल दिवा दिसला, अन् वरांड्यातले ते सुजलेले पाय.

"मीच धुतलं, भाऊ," आकांक्षा म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

सासू धूत होती तेव्हा ती समोरच तांदूळ निवडत बसली होती. कुणी धुतलं ते तिच्याएवढं कुणाला माहीत असणार!

"अहो ताई, शिकल्या-सवरल्या तुमी, अन्..." शंकरसिंग सुरू झाला.

"ए बाबा!" जनकाबाई कडाडली. "तिला बोलायचं न्हाई. धुतलं म्या. मळकं दिसलं की ह्या घरात हात माझाच जातो. बोलायचं ते मला बोल."

शंकरसिंगनं मान खाली घालून तारेवर औषधाचा फवारा मारला, नळी आतून पुसली, पिशवीतला नवा फिल्टर बसवला अन् वायर जागेवर लावली. गाडी चालू झाली. चहाचा भरला कप त्यानं बॉनेटवर ठेवला. चहावरची साय हलली नाही. जनकाबाईनं वाकून ती साय बघितली अन् बराच वेळ बघतच राहिली.

"हळदीचा ड्रम बंद होईपर्यंत गाडी दुसरीकडं लावा," जाताना तो म्हणाला. "अन् कागद धुवू नका. खराब झाला की बदला."

दुसऱ्या दिवशी गाडी नांदेडात प्रत्येक दिव्याला थांबली अन् गुमान उभी राहिली. ग्यानोबा वेळेत मशीनवर गेले. सुई लागताना ते नर्सबाईला म्हणाले, "आमच्या बाईला इथं येऊ देऊ नका. मशीनची चाळणी धुवून टाकंल."

बाहेर बाकड्यावर जनकाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. मोठा तुकडा अन् सगळा ठेचा सुनेपुढं सरकवला.

"काल खोटं काहून बोललीस?"

"बाहेरच्यानं तुमाला बोललेलं मला चालत न्हाई, आत्या."

"अन् तू बोललीस तर?"

"मी घरची हाय. मी बोलीन."

जनकाबाईनं घास चावायचा थांबवला. मग म्हणाली, "तुह्या मायला फोन लाव."

"का? काय झालं?"

"लाव म्हणलं ना."

फोन लागला. जनकाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, घसा साफ केला अन् सगळा वरांडा ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "इहीणबाई, पोरगी चांगली दिली तुमी. लग्नात म्हणायचं राहून गेलं व्हतं, आज म्हणते." पलीकडून रडण्याचा आवाज आला, तशी ती घाईघाईनं पुढं म्हणाली, "पण लई फुगू नका. भाकरी अजून जाडच थापते."