पेटीला बांधलेला पट्टा

मी गाडीच्या मागच्या सीटचा पट्टा बोलतोय. हो, मागच्याच! पुढच्या पट्ट्याला सगळे मान देतात, कारण तो लावला नाही तर गाडी टुंगटुंग करून डोकं उठवते आणि नाक्यावर पोलीस उभे असतात. माझ्यासाठी ना कोण बोंबलत, ना कोण अडवत.

कारखान्यात मला हिसके देऊन देऊन तपासलं होतं. हळू ओढलं तर मी मुकाट येतो, हिसका बसला की जागच्या जागी अडतो. माझा स्वभावच तसा आणि कामही तेच. रत्नागिरीत संदेशने गाडी घेतली आणि त्याच दिवशी सीटना जाड कव्हरं बसवली. त्यांच्याखाली माझा खटका गडप झाला. आता मी अडकायचं तरी कशात?

संदेशची आई मालन नेहमी मागे बसायची. एकदा तिने मला धरून जोरात ओढलं. मी अडलो.

"मेलं येतच नाही," म्हणाली नि सोडून दिलं.

"राहू दे गो आई, मागे कोण लावतं?" संदेश हसला.

"तेच म्हणते. मी काय जनावर आहे बांधून घालायला?"

मालनची लेक योगिनी कोल्हापूरला असते. मे महिन्यात तिच्याकडे हापूसची पेटी जायची म्हणजे जायचीच. गेल्या वर्षी आंबा घाटात पेटी सीटवरून खाली आली आणि निम्मे आंबे चेपले. म्हणून यंदा संदेशने कव्हरखाली बोटं घालून माझा खटका उकरून काढला. पेटी सीटवर ठेवली, मला तिच्यावरून घेतलं आणि टक्कन अडकवलं.

"घट्ट आहे ना?" मालनने विचारलं. "मार लागला तर काळे पडतील हो!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकदाचं काम मिळालं. मालन पेटीशेजारी बसली. तिच्या बाजूचा माझा भाऊ नेहमीसारखा रिकामाच लोंबत होता.

पाली गेलं, नाणीज गेलं. वेगही काही फार नव्हता. मायलेक योगिनीबद्दलच बोलत होते. वळणावर अचानक एक वासरू आडवं आलं आणि संदेशने करकचून ब्रेक मारला. मी अडलो. पेटी जराही सरकली नाही. मालन मात्र पुढच्या सीटवर जाऊन आदळली आणि तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ती कळवळत होती, मी हातभर अंतरावर होतो, आणि मी पेटीला बांधलेला होतो. मला फार वाईट वाटलं. वासरू शेपटी उडवत निघून गेलं.

गाडी मागे फिरली. मालनला रत्नागिरीत इस्पितळात ठेवलं, ऑपरेशन झालं. योगिनी धावत आली. आईला भेटून ती गाडीत बसली, तर पेटी अजून तशीच बांधलेली. तिने मला सोडवलं, पेटी उघडली, एकेक आंबा हातात फिरवून पाहिला.

"दादा, एकालाही डाग नाही रे," ती म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. "आंब्यांना बांधलंस, आणि आईला तशीच बसवलीस?"

 संध्याकाळी संदेश ब्लेड घेऊन आला आणि कव्हरं कापून सगळे खटके वर काढले.

आता पेटी डिकीत जाते आणि मालन माझ्या बाजूला बसते. पण तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि मी तर तिच्या डाव्या कानापाशी लोंबतो. तिला हवा असलो तरी मी तिच्या हाताला लागत नाही. दर वेळी संदेश खाली उतरतो, दार उघडतो, मला हळू ओढून तिच्यावरून घेतो.

"टक वाजलं?" ती विचारते.

"वाजलं गो."

"मग सोड गाडी."

तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊ कव्हरखाली पडलेला असेल. त्याचा खटका आजच वर काढा. हात पोचतोय तोवर त्याला हळू ओढा, तो येतो.