लाल पट्टी

नेव्हिलने फाटकाची साखळी दोनदा अडकवली, दोन्ही वेळा ती निसटली. व्हरांड्यात बसलेला म्हातारा क्लॅरी हसला.

"पोरांना पुस्तकं शिकवूनही हात तसेच वेंधळे राहिले की रे तुझे! राहू दे, ये."

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलंड भागातल्या या गावात नेव्हिल चाळीस वर्षांनी आला होता. त्याच्या वडिलांच्या गोठ्यावर क्लॅरी तेव्हा दूध काढायला असे. समोरून डेअरीचा टँकर घरघरत गेला. तो वळेपर्यंत नेव्हिलची नजर त्याच्यामागे गेली. बोलायचं ते त्याने मेलबर्नहून पाठ करून आणलं होतं.

"क्लॅरी, गॅस बंद केलास?" आतून त्याच्या बायकोने, एल्सीने विचारलं.

"केला गं!"

तरी तिची पावलं स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली.

"अशी माझ्यामागून तपासत फिरते," क्लॅरी म्हणाला. "तिचं तरी काय चुकलं? त्या गायीपासून तिचा विश्वासच उडाला."

"कुठल्या गायीपासून?"

विचारलं आणि नेव्हिलचे कान तापले.

"औषध टोचलेली रे. मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची, म्हणजे तिचं दूध टाकीत सोडत नाहीत. मी बांधायलाच विसरलो. अख्खा टँकर ओतून द्यावा लागला, पाच घरांचं दूध. तुझ्या बापाने मला काढलं ते बरोबरच केलं. पण गंमत सांगू? पट्टी बांधल्याचं मला अजून आठवतं. माणसाचं डोकं कसं फसवतं बघ."

नेव्हिलने कप खाली ठेवला.

"तुम्ही बांधली होती."

"काय?"

"पट्टी होती. मी न बघताच यंत्र लावलं. दूध गेल्यावर दिसली. मग मी ती कापली आणि शेणाच्या खड्ड्यात टाकली."

पाठ केलेलं बोलणं याहून बरं होतं. त्यात सोळा वर्षांचं वय होतं, वडिलांची भीती होती. त्यातलं काहीच त्याला उच्चारवेना.

क्लॅरीने कुरणाकडे तोंड फिरवलं. नेव्हिल उठू लागला.

"बस," क्लॅरी म्हणाला आणि त्याने मान वळवली. "एल्सी! हात पूस आणि बाहेर ये."

ती दारात येऊन उभी राहिली.

"आता हिला सांग," क्लॅरी म्हणाला. "सावकाश सांग. हिला हल्ली कमी ऐकू येतं."