अकरा सेंटिमीटर

येलहंक्याहून मॅजेस्टिकच्या बसस्टँडला येईपर्यंत सूर्यकांतांनी खिशातली यादी पाच वेळा काढून पाहिली.

"काका, दर स्टॉपला ती बदलत नाही हो," शेजारी बसलेला गिरीराज म्हणाला.

गिरीराज त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता, आणि बुधवारी कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. तेव्हा कॉम्प्युटरचे भाग निवडायचे आणि जोडून घ्यायचे तर आजच, या शनिवारी. गेले आठ महिने सूर्यकांत एस. पी. रोडवर येत, कॉम्प्युटरच्या दुकानांतून हिंडत, माहितीपत्रकं गोळा करत आणि रिकाम्या हाताने परत जात. दर वेळी काहीतरी बघायचं राहून गेल्यासारखं वाटे.

त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. निवृत्तीनंतर, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं: इथल्या, कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द कार्डांवर उतरवून ठेवायचे. थोरली बहीण ठकुबाई सांगायची, हे लिहायचे. आठ हजार कार्डं झाली. पण वर्षभरापासून उजवा हात थरथरू लागला होता, आणि परवा मागच्या दिवाळीतली कार्डं काढली तर स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. सातशे-आठशे शब्द असे गेले. ठकुअक्का आता चौऱ्याऐंशीची. विचारलेलं पुन्हा विचारलं तर "सांगितलं की रे तुला" म्हणून गप्प बसे. आता लिहायचं तर बोटांनी कळा दाबून, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, पडद्यावर मराठी अक्षरं आणणारं कार्ड त्यांच्याकडे होतं. खंडोजी नावाच्या मित्राच्या कचेरीतून ते मोडीत निघालं होतं; त्याने ते जपून आणून दिलं. हिरव्या पाटीसारखं, पातळ, नाजूक. आज ते पंच्यात गुंडाळून पिशवीत होतं. बाकी यंत्र त्याच्याभोवती उभं करायचं.

घरात जागा एकच होती, बायकोच्या, सोयराबाईंच्या शिलाई मशीनचं टेबल. त्यांनी मशीन टेबलात मिटवून दिलं होतं आणि वर म्हटलं होतं, "निम्मा दिवस तुमचा, निम्मा माझा. खाली पायात काही ठेवायचं नाही, मला पाय मारायचा असतो." टेबलाच्या वर भिंतीत कडप्प्याची फळी. तिच्या खाली पडदा मावायचा तर त्याच्याखालची पेटी बसकी, चार बोटं उंचीचीच हवी. तशी पेटी बसवंतच्या दुकानात होती. सूर्यकांतांनी तिच्या मापाचा पुठ्ठा कापून आठवडाभर टेबलावर ठेवून पाहिला होता.

बसवंत मूळचा बेळगावकडचा. त्यांना पाहताच त्याने स्टूल पुढे सरकवलं. "या सर. आज घेऊन जातासा, का परत बघून जातासा?"

"आज घेणार," गिरीराज म्हणाला. "मी सही केलीय असं समजा."

आणि मग भराभर सगळं घडू लागलं. प्रोसेसर पेंटियम की फोर-एट-सिक्स, यावर दोघांनी कानडीत घातलेला वाद सूर्यकांतांनी मान हलवत ऐकला आणि शेवटी यादीत होतं तेच म्हटलं, फोर-एट-सिक्स. मेमरी आठ एमबी. गिरीराजने आपल्या मनाने एक सीडी ड्राइव्ह उचलून वर ठेवला. "हा पाहिजेच काका. त्याच्याशिवाय आता कुणी मशीन घेतं का? अख्खा ज्ञानकोश एका तबकडीवर येतो. गाणी वेगळीच." सूर्यकांतांनी तो राहू दिला. भाच्या-पुतण्यांना नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

बसवंतने पेटी उघडली, बोर्ड बसवला, ड्राइव्ह बसवले. "आता तुमचं कार्ड द्या."

बसक्या पेटीत कार्ड आडवं सरकवावं लागे. बसवंतने ते सरकवलं आणि थांबला. पुन्हा सरकवलं. कार्डाचं टोक ड्राइव्हच्या लोखंडी पिंजऱ्याला टेकलं होतं, आणि दुसऱ्या टोकाचे सोनेरी दात खाचेच्या बाहेरच राहिले होते.

"लांब हाय की हो हे. माप घेतलं नव्हतं काय?"

"घेतलं होतं." सूर्यकांतांनी यादी पुढे केली. तीवर गिरवून गिरवून लिहिलं होतं: कार्ड, अकरा सेंटिमीटर.

गिरीराजने वाचलं. "ही उंची झाली काका. लांबी कुठाय?"

सूर्यकांतांची कानशिलं तापली. चौतीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. नोंदीत पुस्तकाची उंची लिहितात, रुंदी कुणी लिहीत नाही. फळीवर पुस्तक मावायला उंची पुरते. तसंच हे कार्डही त्यांनी टेबलावर उभं धरलं, पट्टी लावली, एक आकडा लिहिला आणि समाधानाने पेनाचं टोपण लावलं.

"ग्रंथपालाला कॉम्प्युटर दिला की असं होतं," गिरीराज हसून म्हणाला. मग त्यांचा चेहरा पाहून हसू आवरलं. "असू दे. मोठी उभी पेटी घेऊ."

"ती टेबलावर मावत नाही. खाली सोयराचे पाय."

"मग कार्ड राहू दे. विंडोजवर मराठी येतंयच आता. मी तिकडून आलो की टाकून देतो."

दोन वर्षं. सूर्यकांत उठले, दुकानाच्या पायरीपर्यंत गेले, परत आले. 'पुढच्या वेळी बघू' हे शब्द अगदी ओठांवर होते. ते म्हटले असते तर कुणालाच वाईट वाटलं नसतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पेटीत वाकून पाहिलं. ग्रंथालयात पुस्तकाला फळी आडवी येत असेल तर फळी काढतात, एवढंच त्यांना सुचलं.

"हा पिंजरा निघतो का?"

"रिबिटा मारल्यात, सर. ड्रिलनं उडवाव्या लागतील. मग पेटी मी परत घेणार नाही. हार्ड डिस्क कडेला पट्टीनं बांधून देतो, फ्लॉपी राहील. सीडीला जागा नाही राहायची."

"काका, सीडी घालवून ते जुनं कार्ड? लोक हसतील," गिरीराज म्हणाला. "नीट विचार करा."

"आठ महिने तेच करतोय." आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला, म्हणून त्यांनी पुढचं हळू म्हटलं, "मला गाणी नकोत, गिरी. लिहायचंय."

गिरीराजने सीडी ड्राइव्हचे स्क्रू सोडवायला घेतले. जरा जोरातच.

ड्रिल सुरू झाला. पत्र्याचा कीस वर्तमानपत्रावर पडत होता. चुकलंच बहुतेक, असं सूर्यकांतांना चारही रिबिटांच्या वेळी वाटलं. पिंजरा निघाला. बसवंतने फुंकर मारून कीस झटकला, ब्रश फिरवला, कार्ड सरकवलं. ते बसलं.

हार्ड डिस्क बांधून बसवंतने पडदा जोडला, बटण दाबलं. पडदा काळा होता. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकू लागली.

"बडवा काहीतरी," बसवंत म्हणाला.

आठ हजारांतला एकही शब्द आठवेना. मग एक आला. एक एक कळ शोधून, एकेक बोट टेकवत त्यांनी लिहिला: बेगीन. अक्षरं ठसठशीत उमटली, एकही थरथरलं नाही.

बसवंतने मान तिरकी करून वाचलं. "लवकर. आमच्या कानडीत पण बेगच म्हणत्यात. बरं, बांधू का मग?"

"स्वल्प थांबा," सूर्यकांतही कानडी वळणाने म्हणाले आणि पुढची कळ शोधू लागले. गिरीराज ऑटो बघायला रस्त्यावर गेला होता. तो येऊन दोनदा हाक मारून गेला तरी ते स्टुलावरून उठले नव्हते.