कोर्टाचा कोट

आमच्या गल्लीत एक कोट आहे. काळा, लोकरीचा, आतून अस्तर लावलेला. तो कुणा एकाचा नाही. ज्याची कोर्टात तारीख असेल त्याने तो घालायचा आणि काम झालं की माझ्या दुकानात आणून टांगायचा. गल्लीतल्या लोकांवर केसेस काही कमी नाहीत. कुणी खिसा कापलेला, कुणी तांब्याच्या तारा तोडून विकलेल्या, कुणी काहीच न करता नुसता तिथे उभा राहिलेला. कोट सगळ्यांना सारखा. वकील तारखेला येईल न येईल, कोटाचा खाडा नाही, असं लोक म्हणतात.

मूळचा तो एका गिऱ्हाइकाचा. बाह्या आखूड करायला म्हणून टाकून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. मी विकायला काढला, तर बायको म्हणाली, "अहो, राहू द्या की. समोरच्या पोराची उद्या तारीख आहे. बनियनवर जाईल का तो जज्जापुढे?" तिथून हे सुरू झालं.

मी मशीनवरचा माणूस. हातशिलाई सगळी तिची. काज तिचे, बटणं तिची, आणि हा कोट तर पूर्ण तिचाच. माणूस जाडा आला की कुशीच्या आणि पाठीच्या शिवणी उसवून आत दाबलेलं कापड सोडायची. बारीक आला की पुन्हा आत घ्यायची. मला मशीन मारू द्यायची नाही. मशीनची शिवण सारखी सारखी उसवली की कापड चिरतं, म्हणायची. टेपही लावायची नाही. पाठीवर पंजा ठेवून "सरळ उभा राहा रे" म्हणायची, की झालं माप. आणि निघताना प्रत्येकाला तंबी: "जज्जासाहेबांपुढे खिशात हात घालायचा नाही. दुसऱ्याच्या तर नाहीच, स्वतःच्याही नाही."

शेवटी तिने तो काडीसाठी आवळला. काडी आमचा खिसेकापू, इतका बारीक की अंगात कोट घातला तरी खुंटीवरच टांगलाय असं वाटायचं. तेव्हा तिला बसवत नव्हतं. पाठीशी उशी घेऊन, थांबत थांबत शिवला. काडीची तारीख झाली, कोट परत आला, आणि मग ती दवाखान्यात गेली. आली ती चादरीत गुंडाळून.

त्यानंतर कोट मी भिंतीवर टांगला आणि वर जुनी ओढणी टाकली. लोकही समजूतदार. मधे दोघांच्या तारखा झाल्या, ते भावाचा शर्ट घालून गेले. मला कुणी काही विचारलं नाही.

मग एका दुपारी ढोलची आई आली. ती कोपऱ्यावरच्या खानावळीत भांडी घासते. हात कायम पांढरे पडलेले, भिजलेल्या कागदासारखे. ढोल तिचा एकुलता एक, गोदामात हमाल. ट्रकमधली पोती कमी भरली, त्यात त्याचं नाव गुंतवलं होतं. जामिनावर बाहेर होता.

"मास्तर, उद्या निकाल आहे," ती म्हणाली. "कोट पाहिजे होता."

"कोटाला कसर लागली, ताई."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पुढे होऊन ओढणी उचलली, बाही उलटसुलट करून बघितली.

"कुठे दिसत नाही."

"आतून लागलीय."

"बरं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर मीही भांडलो असतो, आणि प्रश्न मिटला असता. ती नुसती बसून राहिली. मी मशीन चालवत राहिलो. खाली कापड नव्हतं, ते दोन टाके घातल्यावर कळलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आमच्या ह्यांना वहिनींनीच शिवून दिला होता. आठवतं का? तुम्ही गावाला गेला होतात बहुतेक."

"आठवत नाही."

"त्यांना शिक्षा झालीच. कोटाने काही कमी झाली नाही. पण गाडीत चढताना मागे वळून बघितलं ना त्यांनी, तर मला वाटलं कोण मोठा माणूस चाललाय." ती पदराने नाक पुसून म्हणाली, "मग कोट काढून घेतला पोलिसाने आणि माझ्या हातात दिला. तेवढं तोंड लक्षात राहिलं मला. पुढे जेलमधून आले ते आजारीच आले. ते तोंड मी लक्षात ठेवत नाही."

मी मशीन थांबवली.

"ताई, कोट देण्याला माझी ना नाही. पण तो काडीच्या मापाचा आहे. तुमच्या ढोलला बसवायचा म्हणजे सगळ्या शिवणी उसवाव्या लागतील. त्या तिच्या हातच्या आहेत."

आता तिला कळलं. तिने भिंतीवरच्या कोटाकडे पाहिलं. मग उठली. "मग राहू द्या, मास्तर. खरंच राहू द्या. माझ्या डोक्यातच आलं नाही."

ती पायरी उतरली. मला बरं वाटायला हवं होतं.

"ताई," मी हाक मारली. "त्याला पाठवून द्या. आंघोळ करून ये म्हणावं, घामाचा वास बसतो कापडाला."

ढोल आला तो दारातून तिरका होऊन. आई मागे. कोटात त्याचा एक हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला.

"काका, हा कोट आहे का हातमोजा?"

"हलू नकोस. सरळ उभा राहा."

"सरळच आहे."

"पोट आत घे."

"आतच आहे, काका. हे आत घेतलेलं आहे."

त्याची आई हसली, मलाही हसू आलं. मी टेप काढली. पंजाने माप घेणं मला कधी जमलं नाही.

मग अस्तर बाजूला करून मी कुशीची शिवण उघडी केली. ब्लेड हातात घेतलं. पण ब्लेड लावायची गरज पडली नाही. तिने दोऱ्याला गाठ मारलीच नव्हती. शेवटी दोन उलटे टाके तेवढे घातले होते. ते सोडवले आणि धागा ओढला, तर सबंधच्या सबंध बाहेर आला, मेण लावलेला, वळणं पडलेला.

आत दाबलेलं कापड मी उजेडात धरलं. त्याला सुईची बारीक भोकं होती. एक ओळ नव्हती, शेजारी शेजारी कितीतरी ओळी होत्या. एक जाड्याची, एक बारक्याची, एक त्या समोरच्या पोराची असेल, एक ह्या ढोलच्या बापाची. इतक्या वेळा तिने आपलंच काम स्वतःच्या हाताने उसवलं होतं आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नव्हती. मी पलीकडे मशीनवर बसून एवढंच ओरडायचो, "किती वेळ लावतेस? जेवायला वाढ."

"काय झालं, मास्तर?" ढोलच्या आईने विचारलं.

"काही नाही. सुई ओवून द्या. मला दिसत नाही."

"कुठला दोरा?"

तिचाच धागा माझ्या हातात होता. मी तो बोटांनी सरळ केला आणि पुढे केला. आई क्षणभर घुटमळली. मग तिने तो तोंडात ओला करून सुईत ओवला.

मी शिवायला बसलो. माझे टाके लांबडे, वाकडे. अंगुस्तान तिच्या बोटाचं, मला घट्ट. दोनदा सुई टोचली. ढोल म्हणाला, "काका, कोटाला रक्त लावू नका, नाहीतर नवीन केस लागेल माझ्यावर." आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. उन्हं उतरली तेव्हा दोन्ही कुशी आणि पाठ झाली. सगळ्या शिवणींतून निघालेला तिचा धागा पाठीच्या अर्ध्यापर्यंत पुरला. पुढे रिळाचा लावला.

ढोलने कोट घातला. बटण लागलं. आईने त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि तोंड फिरवून उगीच दारातल्या चपला नीट लावायला लागली.

निघताना त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. मला तिची तंबी सांगता येईना. मी एवढंच म्हणालो, "नीट जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. मी दुकानातून बाहेर आलो. ढोल चालत येत होता, मागे दहाबारा माणसं. सुटला होता. पोत्यांचा हिशोबच चुकलेला होता म्हणे, इतके महिने कुणी तपासलाच नव्हता. आईचं तोंड मात्र उतरलेलं. ढोल दुकानासमोर येऊन उभा राहिला आणि पाठ फिरवली. कोटाची पाठीची शिवण वरपासून अर्ध्यापर्यंत उलली होती. आतलं अस्तर दिसत होतं.

"आईला उचललं मी, काका," तो म्हणाला. "कोर्टाच्या आवारात. राहवलंच नाही."

"सांगत होते मी, खाली ठेव, खाली ठेव," आई म्हणाली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मास्तर, वहिनींचाच धागा तुटला हो. खालचा रिळाचा तसाच आहे."

मी पाहिलं. खरंच होतं. जुना धागा, किती वेळा ओढलेला, तुटणारच. दोन-तीन ठिकाणी तुटला होता आणि तुकडे शिवणीत अडकून होते.

"आडदांडा," मी ढोलवर ओरडलो, "आईला उचलायला हाच कोट सापडला? काढून नाही ठेवता येत आधी? रेड्यासारखा वाढलायस, अक्कल कुठे आहे?" मी बराच वेळ ओरडलो. तो मान खाली घालून ऐकत राहिला, हसत. त्याची आईही हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली.

"काढ तो," मी म्हणालो. "सावकाश काढ, ओढू नकोस."

स्टुलावर बसून मी धाग्याचे तुकडे एकेक करून चिमटीने काढले. ते पुन्हा सुईत ओवण्याजोगे नव्हते. ढोलच्या आईने हात पुढे केला, त्या पांढऱ्या तळहातावर ते ठेवले. ठेवू की टाकू, असं तिने नजरेनेच विचारलं.

"टाका," मी म्हणालो. "आणि तिथलं रीळ द्या. सोमवारी काडीची तारीख आहे, त्याला परत आवळायला लागेल."