माझ्या खळग्यातला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना फाउंटन पेन आहे आणि माझा स्वभाव फार जळका आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कळलं तर तुम्ही म्हणाल, बघा, लपवत होता.

माझा जन्म विलायतेतला, पण तिथलं काही मला आठवत नाही. आठवतं ते साताऱ्यातलं एक लग्न. प्रेमलताबाईंच्या वडिलांनी भर मांडवात मला जावयाच्या खिशाला लावलं. अंग तपकिरी, त्यावर मधाच्या रंगाच्या रेघा, शाई ओढून घ्यायला बाजूला सोनेरी खटका आणि सोन्याची निब. चार बायका मला बघायला वाकल्या होत्या. नवरदेवाकडे त्यांनी त्या मानाने कमीच पाहिलं.

जावई म्हणजे श्यामराव. ते कलकत्त्याला, खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये नोकरीला होते. अकरा वर्षं मी त्यांच्या खिशातून रोज गोदीत गेलो. रंगून, कोलंबो, लिव्हरपूल, कुठकुठच्या बोटींची नावं मी लिहिली. बेचाळीस साली बॉम्बच्या भीतीने लोकांनी बायकामुलं गावी धाडली, तेव्हा प्रेमलताबाई लहानग्या वृंदाला घेऊन साताऱ्याला गेल्या. त्या काळात श्यामरावांनी त्यांना दर आठवड्याला पत्र लिहिलं. ती सगळी माझ्या निबेने. सुखी होतो मी तेव्हा.

मग त्रेचाळीसच्या डिसेंबरात खरोखरच गोदीवर बॉम्ब पडले. भोंगा झाला, श्यामराव टेबलाखाली शिरले आणि मी त्यांच्या हातातून सुटून फरशीवर पडलो. निबेवरच पडलो. दुकानदार म्हणाला, ही निब गेली, नवी बसवावी लागेल. ती बसवून मी घरी आलो आणि तेव्हापासून घरीच राहिलो.

श्यामरावांना पेन जमवायचा नाद होता. सात पेनांची लाकडी पेटी होती, आत हिरवी मखमल आणि प्रत्येकाला आपापला खळगा. पहिला खळगा माझा. प्रेमलताबाई परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "मग आता ऑफिसात कशाने लिहिता?"

"सरकारी टाकाने," श्यामराव म्हणाले. "हा तुझ्या वडिलांनी दिलेला. कुठे पडायला नको."

हा माझा मानच झाला, असं मी मनाशी धरून बसलो. नऊ वर्षं बसलो. दर रविवारी प्रेमलताबाई आम्हा सगळ्यांना वाटीभर पाण्यात धुवायच्या, पुसायच्या आणि परत निजवायच्या. माझ्याने लिहिलं मात्र कुणी नाही.

बावन्न साली श्यामराव अचानक गेले. महिन्याभराने त्यांच्या ऑफिसातले विनायकराव कलकत्त्यातल्या बेहालाच्या आमच्या घरी आले आणि श्यामरावांच्या ड्रॉवरमधलं सामान एका पिशवीतून देऊन गेले. चष्म्याचं घर, पानाची डबी, सुपारी. आणि एक पेन.

काळा, जाडसर, बोजड. अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नाही, नक्षी नाही, खटका नाही. मागचा भाग फिरवून उघडायचा आणि ड्रॉपरने आत शाई सोडायची. आमच्या पेटीत तो कामवाल्यासारखा दिसला असता. पण धरायच्या जागी तो बोटांनी घासून गुळगुळीत झाला होता. कोणाची बोटं, ते मला लगेच कळलं. त्या क्षणी मी जळायला लागलो.

"आई, हा कोणाचा?" वृंदाने विचारलं. सोळा वर्षांची झाली होती ती.

"मला काय ठाऊक!" प्रेमलताबाईंनी तो हातात घेतला आणि ठेवून दिला. "मला म्हणाले, सरकारी टाकाने लिहितो. यांचा प्रत्येक पेन मी धुतलाय. हा एवढा एकच नाही."

मी एकटाच जळत नव्हतो तर.

त्या दिवसापासून घरात त्याचंच कौतुक सुरू झालं. हा कुठला, जर्मन का जपानी, भेट दिली असेल का, दिली तर कोणी? वृंदा भिंग लावून त्याला न्याहाळायची. माझं नाव गाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला कोणी विचारेना. त्यात एके दिवशी वृंदाने मला उचलून रिकाम्या असलेल्या चौथ्या खळग्यात ठेवलं आणि त्याला पहिल्यात. का, तर तो जाड आहे, दुसरीकडे मावत नाही!

मित्रांनो, आता गोष्ट अशी की सरस्वतीपूजा जवळ आली होती. आमच्या घरी सरस्वती वर्षातून दोनदा पुजली जायची, दसऱ्याला आपली म्हणून आणि माघात बंगालची म्हणून. माघातल्या पूजेला मुलं आपले पेन देवीपुढे ठेवतात आणि त्या दिवशी अक्षरही लिहीत नाहीत. वृंदाची शाळेची शेवटची परीक्षा त्याच वर्षी होती. ती म्हणाली, "बाबांचा एक पेन देवीपुढे ठेवीन आणि तोच परीक्षेला नेईन."

तो एक मी असायला हवा होतो. दुसरं मला काहीच नको होतं.

तिने आधी मला भरलं. नऊ वर्षांनी कागद दिसला! मी इतका जोर केला की 'श्री' काढता काढता वहीवर रुपयाएवढा डाग पडला.

"ई माँ!" वृंदा ओरडली. "हा तर ओकतो गं!"

मग तिने त्या काळ्याने 'श्री' काढलं. स्वयंपाकघरातून आलेल्या प्रेमलताबाई तिच्या खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या. खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक, आणि वळताना जरासा उजवीकडे झोक. त्या आत गेल्या आणि साताऱ्याच्या पत्रांची पुरचुंडी घेऊन आल्या. एक पत्र त्यांनी वहीशेजारी ठेवलं.

"बघ गं. झोक तोच आहे ना?"

"पण आई, हात माझा आहे. बाबांचा कुठे?"

"तेच तर म्हणते मी. हात तुझा आणि रेघ त्यांची."

दुसऱ्या दिवशी याचा उलगडा व्हावा म्हणून दोघी आम्हा दोघांना घेऊन शहरातल्या बागबाजारला गेल्या. तिथे एका गल्लीत हरिपदबाबू पेन दुरुस्त करायचे. ते बंगालीत बोलले. मी मराठीत सांगतो.

काळा पेन बघताच ते हसले. "वहिनी, याला कंपनी कुठली असणार? मीच कंपनी! काळ्या रबराची कांडी लेथवर धरून हे अंग मी बनवलं. एक कस्टमवाले मराठी बाबू आले होते. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात वाकलेली निब. म्हणाले, दुकानवाले म्हणतात ही मेली. मी चार दिवस ठोकून सरळ केली. हा बघा वण." त्यांनी निब काढून उजेडात धरली. मग मला उघडलं. "आणि हा तिचा मूळ मालक."

माझी निब! इतके दिवस मी ज्याच्या अक्षरावर जळत होतो, ते अक्षर माझंच होतं.

"मग तेव्हाच परत यात का नाही बसवली?" वृंदाने विचारलं.

"म्हणाले, हा सासऱ्यांचा पेन, पुन्हा पडला तर घरी तोंड कसं दाखवू? घरी म्हणे निब बदलल्याचं सांगितलंही नव्हतं."

प्रेमलताबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "अहो, एवढ्याला भ्यायचं? नऊ वर्षं?"

"आता बसवू का परत? पाच मिनिटांचं काम," हरिपदबाबू म्हणाले.

निब परत आली की पहिला खळगा माझा, देवीपुढची जागा माझी, परीक्षा माझी. आणि तो काळा तिथे टेबलावर बिननिबेचा, आ वासून पडलेला. त्या क्षणी मला तो अगदी फरशीवर पडलेल्या माझ्यासारखा दिसला.

प्रेमलताबाईंनी दोघांकडे पाहिलं. "नको. त्यांनी तिला यात चालवलं. यातच राहू दे."

पूजेला देवीपुढे तो काळाच बसला. परीक्षेलाही तोच गेला. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी पेटीत फार जळलो.

पण परीक्षेच्या पहिल्याच दुपारी घरात कोणी नसताना प्रेमलताबाईंनी मला बाहेर काढलं. श्यामराव होते तोवर साताऱ्याला पत्रं तेच लिहायचे. ते गेल्यावर प्रेमलताबाईंनी भावाला एक ओळही पाठवली नव्हती. त्यांनी मला भरलं, डाग पडू नये म्हणून आधी रद्दी कागदावर चार रेघा ओढल्या आणि लिहिलं, 'दादास सप्रेम नमस्कार.' माझी नवी निब नऊ वर्षं कोरीच होती, कुणाच्याच हाताला झिजलेली नव्हती. ती त्या दुपारपासून त्यांच्या हाताला झिजू लागली. आता माझ्या रेघेलाही एक झोक आहे. डावीकडे.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरातल्या पेटीत कोणी माझ्यासारखा असेल तर त्याला नुसतं जपू नका. त्याच्याने लिहा. रविवारी कोमट पाण्यात धुवा, शाई आत वाळू देऊ नका. पडला तर दुरुस्त करून आणा आणि घरी खरं सांगा.

मी पुन्हा पहिल्या खळग्यात आलोय आणि तो काळा आता माझ्या शेजारच्या खळग्यात निजतो. वृंदाने मखमल थोडी उसवून त्याची सोय केली. रविवारी प्रेमलताबाई आम्हा दोघांना एकाच वाटीत धुतात. पाणी निळं होतं आणि कोणाची शाई कोणती ते कळत नाही. धुताना मात्र त्या आधी मला धुतात. यावर माझं बारीक लक्ष असतं.